रानातली रसद

आधी एक कोडं घालतो.

साल 1917. पहिलं महायुद्ध सुरू होऊन तीन वर्षं उलटली आहेत. इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांत पानगळीचे दिवस आहेत, आणि गावोगावच्या शाळांत सरकारची एक सूचना येऊन थडकली आहे. मुलांनी हॉर्स चेस्टनटच्या बिया गोळा करायच्या, पोती भरायची आणि सरकारकडे धाडायची. एका हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे 51 किलोंना, साडेसात शिलिंग मिळतील. बिया कशाला हव्यात? ते मात्र कोणी सांगणार नाही!

हॉर्स चेस्टनट हा तिकडचा मोठा डेरेदार वृक्ष. त्याला काटेरी हिरवी बोंडं लागतात. बोंड उकललं की आत तपकिरी, पॉलिश केल्यासारखी चकचकीत बी. आपला रिठा याच झाडाच्या कुळातला. रिठ्यात फेस आणणारं सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, तसलंच या बीतही असतं, त्यामुळे ती कडू लागते आणि माणसाला खाता येत नाही. पण तिथल्या मुलांना ही बी जीव की प्राण. तिला भोक पाडायचं, दोरी ओवायची आणि समोरच्याच्या बीवर फटकारायची. ज्याची बी फुटली तो हरला. या बीला तिकडची मुलं ‘काँकर’ म्हणतात.

आता सांगा, घनघोर युद्ध चालू असताना सरकारला मुलांच्या खेळातल्या बिया कशाला हव्या असतील?

मोठ्या माणसांनाही पत्ता नव्हता. पार्लमेंटात कोणीतरी प्रश्न विचारला, तिथेही धड उत्तर मिळालं नाही. मुलांनी मात्र पोत्यांमागून पोती भरली. प्रत्येक गावातल्या मुलांना ठाऊक असतंच ना, की चर्चमागच्या झाडाच्या बिया कधी गळतात आणि ओढ्याकाठच्या झाडाच्या कधी. मंत्र्यांना आणि सेनापतींना ते कुठून ठाऊक असणार?

उत्तर दडलेलं होतं तोफांमध्ये. ब्रिटिश तोफांत आणि बंदुकांत कॉर्डाइट नावाची दारू वापरत. जुन्या काळ्या दारूचा धूर इतका व्हायचा, की गोळी झाडणाऱ्याला समोरचं काही दिसत नसे. कॉर्डाइटचा धूर फारच कमी. ते नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांपासून बनतं. गनकॉटन म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. हे दोन्ही एकजीव करायला एक द्रव लागतो, अ‍ॅसिटोन. हो, नखांचं पॉलिश पुसायच्या बाटलीत असतं तेच. अ‍ॅसिटोन घालून सगळं मळलं की लगदा तयार होतो, मग सोऱ्यातून शेव पाडावी तशा त्याच्या लांब कांड्या पाडतात, आणि अ‍ॅसिटोन उडून गेलं की दारू तयार.

पण अ‍ॅसिटोन आणायचं कुठून? तेव्हा ते लाकूड बंद भांड्यात तापवून काढत. एक टन अ‍ॅसिटोनसाठी 80 ते 100 टन लाकूड! मँचेस्टरच्या विद्यापीठात हाइम वाइझमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. पुढे 1949 साली हेच गृहस्थ इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना एक जिवाणू सापडला. त्याला मक्यातला स्टार्च खायला घातला, की तो स्टार्चपासून अ‍ॅसिटोन बनवतो! एवढासा, डोळ्यांना न दिसणारा जीव, आणि त्याच्या पोटापाण्याच्या धंद्यातून निघणारं द्रव्य अख्ख्या आरमाराला हवं असलेलं. मग पिण्याच्या दारूच्या भट्ट्यांमध्ये मका आंबवून अ‍ॅसिटोन निघू लागलं. पुढे जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनकडे येणारी जहाजं बुडवायचा सपाटा लावला. मका यायचा तोही जहाजांनीच, आणि जो येई तो माणसांच्या ताटात हवा. स्टार्च असलेलं, पण माणूस खात नाही असं काय आहे? काँकर!

शत्रूला ही युक्ती कळू नये म्हणून एवढी गुप्तता होती. मुलांनी बिया एवढ्या जमवल्या, की वाहून न्यायला गाड्या पुरेनात. रेल्वे स्थानकांवर ढीग पडून कुजले. सुमारे 3000 टन बिया किंग्ज लिन गावच्या कारखान्यात पोचल्या. 1918 च्या एप्रिलमध्ये तिथे काम सुरू झालं आणि जुलैत बंदही पडलं, कारण काँकरमधून अ‍ॅसिटोन फारच थोडं निघत होतं.

योजना फसली, यात मला वाईट वाटत नाही. विज्ञानात निम्मे प्रयोग असेच जातात. पण आपण काय करतो आहोत हे मुलांना कळायला हवं होतं, असं मला फार वाटतं. एवढं राबायचं, आणि आपण गोळा केलेलं बी नेमकं कुठे गेलं याचा थांगपत्ता नाही! शिवाय ते तोफेसाठी होतं. कळलं असतं, तर काही मुलांनी पोतं खाली ठेवलंही असतं. तो हक्क त्यांना मिळाला नाही.

त्याच युद्धात मुलं आणि बाया आणखी एक गोष्ट गोळा करत होत्या, आणि तिचा उपयोग अगदी उलट होता. स्कॉटलंडच्या माळांवर, इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या दलदलीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. हाताला थंड, ओलं, गुबगुबीत. जखमी सैनिकांचा आकडा वाढत चालला तसा मलमपट्टीचा कापूस कमी पडू लागला. का कमी पडला, हे तुम्ही आता ओळखलं असेल: कापूस गनकॉटनकडे वळला होता. एडिंबरोचे सर्जन चार्ल्स कॅथकार्ट आणि तिथल्या वनस्पती उद्यानाचे आयझॅक बेली बाल्फोर यांनी 1914 सालीच सांगितलं होतं, की या शेवाळाकडे बघा. युद्धाच्या शेवटी शेवटी महिन्याला दहा लाख शेवाळाच्या पट्ट्या ब्रिटनमधून रवाना होत होत्या.

स्फॅग्नमचं पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, की दोन तऱ्हेच्या पेशी दिसतात. काही बारीक, हिरव्या, जिवंत. त्यांच्या मधोमध मोठाल्या, रंगहीन, मेलेल्या पेशी. या मेलेल्या पेशी आतून पूर्ण रिकाम्या असतात आणि त्यांच्या भिंतींना भोकं असतात. त्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि आत टिकून राहतं. म्हणून वाळलेलं शेवाळ आपल्या वजनाच्या वीसेक पट द्रव शोषतं. कापूस पाच-सहा पटींवर थांबतो. आणि खरी कमाल पुढेच आहे. या शेवाळाच्या पेशीभित्ती आजूबाजूचं पाणी आम्लधर्मी करतात, आणि अशा आंबट पाण्यात बरेचसे जिवाणू वाढत नाहीत. पेनिसिलिन अजून सापडायचं होतं, तेव्हा जखमेवर असं काही बांधायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट! मुलं दलदलीत गुडघाभर उतरून पोती भरत. घरी ते अंगणात पसरून वाळवत, त्यातल्या काटक्या, गवत, किडे वेचून काढत आणि मलमलीच्या पिशव्यांत भरत. एक जरी काडी राहिली तरी ती कोणाच्या तरी जखमेला टोचणार, म्हणून ते वेचण्याचं काम फार जपून चाले.

आता वीस-बावीस वर्षं पुढे येऊ. 1939 च्या सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. शहरांवर बॉम्ब पडतील या भीतीने पहिल्या काही दिवसांतच ब्रिटनमधली सुमारे पंधरा लाख माणसं, त्यांत बहुतेक मुलंच, खेड्यांकडे हलवली गेली. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याचा पुठ्ठ्याचा डबा, आणि आईबाप मागे शहरात. कित्येकांनी तोवर जिवंत गाय पाहिलेली नव्हती. ही मुलं म्हातारी झाल्यावर त्यांच्या आठवणी गोळा केल्या गेल्या. एकट्या बीबीसीने 2003 ते 2006 या काळात साध्यासुध्या माणसांच्या 47,000 हकिगती जमवल्या. युद्धातल्या मोठमोठ्या लढायांची नावं आपल्याला पुस्तकांत मिळतात. पण रेशनचं लोणी किती दिवस पुरवायचं, गावातली घंटा का वाजेनाशी झाली, हे सांगायला तिथली मुलंच हवीत.

घंटा खरंच वाजेनाशी झाली होती. 1940 च्या जूनपासून चर्चच्या घंटा बंद. शत्रू उतरला तरच वाजवायच्या. रस्त्यावरच्या गावांच्या नावाच्या पाट्याही काढून टाकल्या, शत्रूचे सैनिक आलेच तर त्यांना वाट सापडू नये म्हणून. आणि रात्री सगळीकडे काळोख. आकाशातल्या विमानाला खालचं गाव दिसू नये म्हणून प्रत्येक खिडकीला काळा पडदा, बॅटरीच्या काचेवर कागद. अंधारात मोटारी गायींवर आदळू नयेत म्हणून काही शेतकऱ्यांनी गायींच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले होते!

अशा अंधारात चालणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत काय घडत असेल? आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दंडपेशी आणि शंकूपेशी असतात. शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, आणि त्यांत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. लख्ख उजेडात ते मोडून जातं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. त्याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. म्हणून दिव्यातून बाहेर आल्याआल्या काहीच दिसत नाही आणि मग सावकाश झाडं, कुंपणं, वाट दिसायला लागते. ऱ्होडॉप्सिन बनायला अ जीवनसत्त्व लागतं, आणि ते शरीराला गाजरातूनही मिळतं. रात्री शत्रूची विमानं पाडणाऱ्या जॉन कनिंगहॅम या वैमानिकाच्या नजरेचं गुपित गाजरांत आहे, अशी बातमी तेव्हा पसरली होती. खरं गुपित होतं विमानात बसवलेलं रडार, आणि ते झाकून ठेवायचं होतं. अ जीवनसत्त्व कमी असेल तर रातांधळेपणा येतो, आणि तो गाजराने, हिरव्या पालेभाज्यांनी बरा होतो, हे खरं. पण ज्याला ते पुरेसं मिळतं, त्याने टोपलीभर गाजरं खाल्ली तरी नजर घारीची होत नाही.

तुमच्या आजी-आजोबांना विचारून पाहा. 1971 च्या डिसेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध झालं, तेव्हा आपल्याकडेही असा ब्लॅकआउट होता. मुंबईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले होते. त्यांना आठवत असेल तर अंधार कसा होता, आकाशात तारे किती दिसत, तेही विचारा.

तर, पुन्हा ब्रिटनकडे. त्या देशाचं निम्म्याहून जास्त अन्न परदेशातून जहाजांनी यायचं, आणि पाणबुड्या पुन्हा टपून बसल्या होत्या. 1940 च्या जानेवारीत रेशन सुरू झालं. साखर, लोणी, मांस सगळं मोजून मिळू लागलं. 1940 च्या अखेरीस केळी यायची थांबली, ती युद्ध संपेपर्यंत. संत्रीही दुर्मीळ झाली. जी येत ती आधी लहान मुलांना.

संत्र्याचा प्रश्न चवीचा नव्हता. आपल्या शरीराला क जीवनसत्त्व लागतं. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या, हाडं यांना धरून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन त्याच्याशिवाय नीट बनत नाही. ते मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, जखमा भरत नाहीत. याला स्कर्व्ही म्हणतात. गंमत बघा, गाय, शेळी, कुत्रा, मांजर हे सगळे प्राणी क जीवनसत्त्व आपापल्या शरीरात बनवतात. आपल्याला ते जमत नाही. फार फार पूर्वी आपल्या पूर्वज माकडांच्या शरीरातली ते बनवायची यंत्रणा बिघडली, आणि झाडावरची फळं खाऊन भागत होतं म्हणून ती कधी दुरुस्त झाली नाही. तेव्हा त्या गावातल्या शेळीला संत्र्याची चिंता नव्हती. शेळी राखणाऱ्या मुलाला होती.

शास्त्रज्ञांनी आसपास शोध घेतला आणि उत्तर मिळालं कुंपणात. इंग्लंडमध्ये शेतांच्या बांधांवर झुडपांची दाट कुंपणं असतात, आणि त्यांत रानगुलाब माजलेला असतो. त्याची फुलं गळून गेली की मागे बोटाच्या पेराएवढी लालभडक फळं उरतात. त्यांना ‘रोझ हिप’ म्हणतात. वजनाला वजन धरलं, तर यांत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या अभ्यासकांनी निरनिराळ्या भागांतली फळं तपासली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली: उत्तरेकडच्या थंड भागातल्या रानगुलाबांत ते जास्त असतं.

1941 साली सरकारने ही फळं गोळा करायला सांगितली. या वेळी मुलांना कारण माहीत होतं. घरात पाळण्यात असलेल्या भावंडाला चमचाभर सरबत मिळावं, म्हणून फळं तोडायची. शाळाच्या शाळा बाहेर पडल्या. स्काउट, गाइड आणि गावच्या बायकांची मंडळं, सगळे कामाला लागले. उंच फांद्या ओढायला वाकड्या मुठीच्या काठ्या, हातात डबे, टोपल्या. रानगुलाबाचे काटे वाकडे असतात, आकड्यासारखे. हात आत घालताना लागत नाहीत, बाहेर काढताना ओरबाडतात. पौंडाला दोन-तीन पेनी मिळायच्या. वर्षाला शेकडो टन फळं या छोट्या ओरबाडलेल्या हातांनी जमा केली.

आणि हो, फळाच्या आत बियांभोवती बारीक, ताठ केस असतात. ते अंगाला लागले की भयंकर खाज सुटते. फळ फोडून ते केस पुढे बसलेल्याच्या कॉलरमधून आत सोडायचे, हा उद्योग तिथल्या शाळांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला. युद्धाने तो थांबवला असेल असं मला मुळीच वाटत नाही!

या केसांमुळेच सरबत करणं अवघड होतं. ते घशात, पोटात गेलेले चालणार नाहीत. म्हणून रस फडक्यातून दोनदा गाळायचा. पण सगळ्यात महत्त्वाची सूचना वेगळीच होती: पाणी आधी खळखळून उकळत ठेवा, फळं दळा, आणि दळल्याक्षणी त्या पाण्यात टाका. थांबू नका. का बरं? फळ चिरडलं की त्याच्या पेशी फुटतात. त्यांतलं एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, मोकळं होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने क जीवनसत्त्वाचा फडशा पाडू लागतं. उकळतं पाणी या विकराला तत्काळ निकामी करतं. उष्णतेने थोडं जीवनसत्त्व जातं खरं, पण थंड दळून ठेवलं तर त्याहून कितीतरी जास्त गेलं असतं. तांब्याचं भांडं वापरायचं नाही, कारण तांबं या नासाडीला हातभार लावतं. म्हणजे गावच्या स्वयंपाकघरात एखादी आई जे करत होती, ते शुद्ध जीवरसायनशास्त्र होतं. ज्या हंगेरियन शास्त्रज्ञाने क जीवनसत्त्व वेगळं काढलं, त्या अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना नोबेल पारितोषिक मिळालं ते 1937 साली. चार-पाच वर्षांत ते ज्ञान पातेल्यापर्यंत येऊन पोचलं होतं! आपल्याकडे आवळा आहे, त्यातही हे जीवनसत्त्व भरपूर असतं. तो त्या थंड देशात होत नाही.

रानगुलाबाबरोबर आणखीही काही गोळा होत होतं. खाजकुइलीसारखी आग करणारी नेटल ही वनस्पती हिरव्या रंगासाठी हवी होती. फॉक्सग्लोव्हची पानं हृदयाच्या औषधासाठी लागत. त्याचा हृदयावरचा उपयोग इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी 1785 सालीच लिहून ठेवला होता. पण ती वनस्पती अतिशय विषारी, म्हणून पानं मोठ्यांच्या देखरेखीखालीच तोडली जात आणि लगेच वाळवायला जात.

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाऊ, कारण तिथली गोष्ट तुमच्या बांधापर्यंत येते.

तिकडे आरमाराच्या जीवरक्षक जाकिटांत कापोक भरत. कापोक म्हणजे एका सावरीच्या झाडाचा कापूस. आपल्या लाल फुलांच्या काटेसावरीचं ते जवळचं नातलग. तो बहुतेक जावा बेटावरून यायचा. 1942 साली जपानने ते बेट घेतलं आणि कापोक बंद झाला. समुद्रावर हजारो खलाशी, आणि जाकिटात भरायला काही नाही.

शिकागोचे डॉक्टर बोरिस बर्कमन यांनी एका तणाकडे बोट दाखवलं. तण म्हणजे मिल्कवीड. शेतकरी ते उपटून फेकत. तोडलं की पांढरा चीक येतो, आणि शेंग उकलली की चपट्या बिया रेशमासारख्या शुभ्र तंतूंच्या झुपक्याला लटकून वाऱ्यावर उडतात. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं ना? आपली रुई! रुई आणि मिल्कवीड एकाच कुळातल्या. रुईच्या बोंडातून उडणाऱ्या ‘म्हाताऱ्या’ तुम्ही फुंकर मारून उडवल्या असतीलच. मिल्कवीडवर तिकडे मोनार्क फुलपाखराच्या अळ्या वाढतात, आणि रुईवर आपल्याकडे प्लेन टायगरच्या. ही दोन फुलपाखरंही एकमेकांची भाऊबंद आहेत.

या तंतूंत असं काय असतं? प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो, म्हणजे त्यात हवा भरलेली. वरून मेणाचा पातळ थर, म्हणून पाणी त्याला चिकटत नाही आणि आत शिरत नाही. झुपकाभर तंतू म्हणजे हवेच्या असंख्य बंद नळ्या. आणि माणसाला तरंगत ठेवायला फार काही लागत नाही. आपलं शरीर जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचं आहे, त्यामुळे पाण्यात आपलं बहुतेक वजन पाणीच पेलतं. उरतं डोकं पाण्याबाहेर धरायचं काम, आणि डोकं असतं साधारण चार-पाच किलोंचं. तेवढी उचल देणारी हवा छातीशी बांधली, की थकलेला, बेशुद्ध माणूससुद्धा श्वास घेत राहू शकतो.

1944 च्या पानगळीत अमेरिकेच्या खेड्यांतली मुलं मिल्कवीडच्या शेंगा तोडायला निघाली. त्यांना सांगितलं होतं, की दोन पोती शेंगांत एक जीव वाचतो. मला हा हिशेब फार आवडतो. आठ वर्षांच्या मुलालाही तो समजतो, आणि त्यात फसवाफसवी नाही, कारण दोन पोत्यांतून खरोखरच एका जाकिटापुरते तंतू निघत. पोत्याला पंधरा-वीस सेंट मिळायचे. काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. शेंग कोवळी तोडली तर तंतू कच्चे. उकलल्यावर गेलं तर सगळं वाऱ्यावर उडालेलं. आतलं बी तपकिरी झालंय पण शेंग अजून मिटलेली आहे, असे मधले थोडेच दिवस. ते दिवस ओळखायला रोज शेताच्या कडेने फिरावं लागतं, आणि ते काम मुलांचंच. कांद्याच्या जाळीदार पोत्यांत शेंगा भरून मुलं ती तारेच्या कुंपणावर टांगत, म्हणजे वाऱ्याने वाळतात आणि बुरशी लागत नाही. मग रेल्वेने ती पोती मिशिगन राज्यातल्या पेटोस्की गावी जात. तिथल्या कारखान्यात यंत्रं तंतू वेगळे काढत.

1945 साली युद्ध संपलं, तो कारखानाही बंद झाला. जाकिटांत पुढे कृत्रिम फेस भरला जाऊ लागला. मिल्कवीड पुन्हा तण ठरलं. पण गेल्या काही वर्षांत कॅनडातल्या क्विबेक प्रांतात शेतकरी ते मुद्दाम पेरू लागले आहेत. कारण त्या मेणाच्या थराची आणखी एक खोड आहे: पाण्याला तो जवळ येऊ देत नाही, पण तेल पटकन ओढून घेतो. तेव्हा पाण्यावर तेल सांडलं, की हे तंतू पाणी सोडून फक्त तेल टिपतात.

हे तुम्हाला घरीच बघता येईल. उन्हाळ्याच्या तोंडावर रुईची बोंडं आपोआप उकलतात. वाऱ्याने उडून आलेल्या, वाळलेल्या म्हाताऱ्याच तेवढ्या वेचा. झाडाला हात लावू नका, पान किंवा हिरवं बोंड तर मुळीच तोडू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि नंतर हात साबणाने धुवा. बिया काढून टाका. एका वाटीत पाणी घ्या आणि चिमूटभर तंतू वर ठेवा. काडीने खाली दाबा, सोडा, काय होतं बघा. तसेच दुसऱ्या चिमटीतले तंतू गोडेतेलाच्या वाटीत ठेवा. मग तिसऱ्या वाटीत पाण्यावर चमचाभर तेल ओतून त्यात तंतू फिरवा आणि किती तेल वर आलं ते पाहा. साध्या कापसाचा बोळा घेऊन तिन्ही गोष्टी पुन्हा करा. जे दिसेल ते वहीत लिहा, तारखेसकट, आणि आम्हाला पत्राने कळवा.